तिसऱ्या ट्रेमधलं अकरावं घर

कारखान्यात तिला सगळे भिंगताई म्हणत. एकोणीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसलेल्या बाईला दुसरं काय म्हणणार? डोळ्यांखाली तिला दोन अर्धगोल वळ पडले होते आणि ते सुट्टीच्या दिवशीही जात नसत. नणंद म्हणायची, "वहिनी, तू माझ्याकडे टक लावून बघायला लागलीस ना, की मला उगाच वाटतं, आता माझ्यात काहीतरी खोट निघणार."

"निघाली तर सांगेन की."

पण ती सांगायची नाही. बघायची आणि मनात ठेवायची.

ती बघायची ते स्टेंट. हृदयाची धमनी चोंदली की तिथे आतून बसवतात ती जाळीची नळी. काडेपेटीतल्या काडीएवढी जाड, बोटाच्या पेराएवढी लांब, आणि तिची तार केसाइतकी बारीक. उघड्या डोळ्यांना ती पेनातल्या स्प्रिंगचा तुकडा वाटावी. भिंगाखाली मात्र ती वळणावळणाची, चकचकीत, अख्खी एक गल्ली होऊन समोर यायची, आणि भिंगताई त्या गल्लीतून कोपऱ्याकोपऱ्याशी थांबत चालायची. चालताना श्वास रोखायची. तसा नियम नव्हता, तोंडावर मास्क होताच. पण काचेवर वाफ धरू नये म्हणून सुरुवातीला लागलेली सवय पुढे हाडात शिरली. एक स्टेंट, एक श्वास. फोनवर कुणी काही वाईट सांगू लागलं तरी तिचा श्वास आपोआप थांबायचा.

तार नुसती धातूची ठेवून चालत नाही. शरीराला परकं कोण ते कळतं. जखम भरता भरता मांस इतकं वाढतं की वाट पुन्हा बुजते. ते वाढू नये म्हणून तारेला औषधाचा लेप द्यावा, तर धमनीचं स्वतःचं नाजूक अस्तर असतं तेही सुस्तावतं, तारेवर चढायला मागत नाही. तार उघडी राहते, आणि उघड्या तारेवर रक्त कधी गोठेल याचा नेम नसतो. म्हणून मग माणसाला महिनोन्‌महिने रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या. कारखान्याने अलीकडे काढलेल्या नव्या लेपाचं काम निराळं होतं. वाहत्या रक्तातल्या अस्तराच्या पेशी त्याला धरून बसत, पसरत, आणि दोन-तीन महिन्यांत तार त्यांच्याखाली झाकली जाई. यातलं रसायन भिंगताईला कळत नव्हतं. तिला एवढं कळत होतं की हा लेप तारेवर एकसारखा बसला पाहिजे, आणि तारांच्या मधल्या फटीत मुळीच बसता कामा नये.

बसायचा तो कोपऱ्यात. दोन तारा जिथे वळून एकमेकींना भेटतात तिथे फवाऱ्याचा एखादा कण अडकायचा आणि वाळताना पातळ पापुद्रा धरायचा. साबणाच्या पाण्यातून तारेचं कडं बाहेर काढलं की धरतो तसा. त्याला त्या खोलीत पडदा म्हणत. पडदा असलेला स्टेंट धमनीत फुगवला की तो फाटतो, त्याची चिंधी रक्तात लोंबत राहते, आणि तिथे अस्तर धरत नाही. म्हणून नियम असा: पडदा तारेच्या जाडीच्या निम्म्याहून कमी असेल तर पास, जास्त असेल तर नापास. मोजायचं सरळ वरून. संगणकाच्या पडद्यावर दोन बटणं, हिरवं आणि लाल.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी मेजावर तिसरा एक ट्रे असायचा, पिवळ्या कडेचा. डोळ्याला खात्री नसेल ते त्यात टाकायचं आणि संध्याकाळी थोरल्या बाई स्वतः बसून बघायच्या. मग संगणक आला, पिवळा ट्रे गेला. वर्षभराने थोरल्या बाईही निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी भिंगताईला कपाटांच्या खोलीत गाठून सांगितलं होतं, "बाई गं, डोळा कधीकधी तिसरं उत्तर देतो. ते कुठेतरी लिहून ठेव. नाहीतर ते मानगुटीवर बसेल."

तपासणीच्या खोलीत कागद न्यायला बंदी होती, कागदाचे तंतू सुटतात म्हणून. अधिकृत नोंदीखेरीज एक अक्षर कुठे लिहायलाही बंदी होती. म्हणून भिंगताई आकडे डोक्यात ठेवायची आणि चहाच्या सुट्टीत कपाटापाशी येऊन, बाहेरच्या बुटात दडवलेल्या तळहाताएवढ्या वहीत उतरवायची. बॅचचा क्रमांक, ट्रे, घर, आणि पुढे एक टिंब. सहा वर्षांत एक्केचाळीस टिंबं. नियमाने पास, तिच्या लेखी अधांतरी.

नवरा कुलूपवाला. शिंप्याच्या आणि चष्म्याच्या दुकानांच्या मध्ये कपाटाएवढं दुकान, भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांच्या माळा. स्वभावाने बडबड्या. कुणाची किल्ली हरवली की आधी त्याची टर उडवायची, मग दार उघडायचं, असा त्याचा शिरस्ता. एका दुपारी कानस चालवता चालवता त्याचा डावा हात जड झाला, घामाने सदरा चिकटला, आणि शेजारच्या शिंप्याने त्याला रिक्षात घातलं. तासाभरात मनगटातून तार आत गेली आणि स्टेंट बसला.

"नवीन प्रकारचा बसवलाय," डॉक्टर म्हणाले होते. "लवकर भरून येतो. तीन महिन्यांनी दोनातली एक गोळी बंद करता येईल. त्याआधी वाटल्यास प्रकाशाची एक बारीक तार आत घालून बघून घेऊ, अस्तर किती आलंय ते. सक्ती नाही."

"सक्ती नाही ना? मग नको," झोपल्या झोपल्या कुलूपवाला म्हणाला. "एकदा मनगटातून आत शिरलात तेवढं पुरे. मी लोकांची दारं उघडतो, माझं दार कुणी सारखं सारखं उघडलेलं मला चालायचं नाही."

सगळे हसले होते. भिंगताईही हसली होती.

गोळ्यांवर त्याचा दात होता तो वेगळ्या कारणाने. कुलूपवाल्याची बोटं दिवसातून चारदा खरचटणार. पत्र्याची कड, किल्लीचा कीस, काही ना काही. पूर्वी तो बोट तोंडात घालून कामाला लागायचा. आता रक्त थांबायला पंधरा-पंधरा मिनिटं लागत. एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शुभ्र दारावर त्याच्या अंगठ्याचा लाल ठसा उमटला आणि ती बाई किंचाळली. "मी चोर नाही हो, चोर इतकं वाईट काम करत नाही," असं सांगून त्याने वेळ मारून नेली. पण घरी आल्यावर जेवला नाही. रोज सकाळी तो भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर फुली मारायचा. गोळी बंद व्हायच्या सोमवारभोवती त्याने गोल काढला होता.

त्या सोमवारी कितीची वेळ दिली आहे ते बघायला, बारा दिवस आधी, भिंगताईने त्याचं पाकीट उघडलं. भेटीच्या चिठ्ठीमागे इस्पितळाने दिलेलं कार्ड होतं. स्टेंटच्या खोक्यावरचं लेबल त्यावर डकवलेलं. ते तिने इतके दिवस मुद्दाम बघितलं नव्हतं. आपल्याच कारखान्याचा आहे हे माहीत होतं, त्यापुढे जायचं नव्हतं. आता ते समोर आलंच. बॅचचा क्रमांक वाचायला तिला एक क्षण लागला. इतरांना नातेवाइकांचे वाढदिवस आठवतात, तसे तिला बॅचचे क्रमांक आठवत.

दुसऱ्या दिवशी कपाटापाशी तिने बुटातून वही काढली. पानं उलटायची गरज नव्हती, तरी उलटली. तोच क्रमांक. ट्रे तीन, घर अकरा. टिंब.

तिला तो दिवस आठवायचा प्रयत्न करूनही आठवेना. आजारपण नव्हतं, घाई नव्हती, घरी भांडण नव्हतं. आठवत होता फक्त कोपरा. सरळ वरून मोजला तर पडदा निम्म्याला एक रेघ कमी. पण स्टेंट जरासा कलता झाला तेव्हा क्षणभर त्या कोपऱ्यात काहीतरी चमकलं होतं, लांबवर. तिने पुन्हा सरळ करून मोजलं. निम्म्याला एक रेघ कमी. तिने हिरवं दाबलं. नियमाने तेच बरोबर होतं, आणि टेकायला जागा एवढीच होती.

बॅचमध्ये साठ स्टेंट. चार नमुने म्हणून कारखान्यातच ठेवतात, छप्पन्न बाहेर जातात. ट्रेमधली घरं खोक्यात भरताना मोडतात. मग कुठला कुठे गेला हे देवालाच ठाऊक. साठातला एक. ती स्वतःला दिवसभर हेच सांगत राहिली. बाजारात साठ टोमॅटो घेतले आणि एक किडका निघाला तर कुणी रडत बसतं का? पण तिला टोमॅटो तपासायची नोकरी नव्हती.

त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर. जिन्याच्या पायऱ्या चोपन्न. त्या आठवड्यात भिंगताई संध्याकाळी स्वयंपाकघरात उभी राहून खालून येणारी त्याची पावलं मोजू लागली. अठरा. छत्तीस. तो दुसऱ्या मजल्यावर रेंगाळला की तिच्या हातातली सुरी थांबायची. चोपन्न, मग किल्लीचा आवाज, मग तिचा श्वास.

"काय गं, दाराशी कान लावून बसतेस की काय? आत आलो की लगेच पाण्याचा पेला पुढे!"

"तहान लागली असेल म्हणून."

"गेली सव्वीस वर्षं मला तहान लागत नव्हती वाटतं."

शनिवारी नणंद आली. तिचा भाऊ दिनदर्शिकेपुढे उभा राहून उरलेले दिवस मोजत होता. "नऊ! नऊ दिवसांनी माझी सुटका. मग सुरीवर बोट आपटलं तरी बेहत्तर."

"अहो, पण डॉक्टर म्हणाले होते ना," भिंगताई म्हणाली, "ते आतून बघायचं. बघून घेतलं तर?"

"कशाला?"

"आपली खात्री."

"खात्री डॉक्टरांना आहे, मला आहे. तुला कसली नाही?"

तिने नणंदेकडे बघितलं, मग भाजीकडे. "असंच," ती म्हणाली. नणंदेने दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि म्हणाली, "वहिनी, तुझ्या पोटात काहीतरी आहे. मी ओळखते." भाऊ म्हणाला, "तिच्या पोटातलं काढायला माझ्याकडची कुठली किल्ली लागत नाही, सव्वीस वर्षं बघतोय."

सोमवारी, चहाच्या सुट्टीत, भिंगताई वही घेऊन गुणवत्ता विभागात गेली. तिथल्या मुख्य बाई वयाने तिच्याहून बारा वर्षांनी लहान. सगळे त्यांना मागे धाकट्या बाई म्हणत. पिवळा ट्रे काढून टाकायच्या कागदावर सही त्यांचीच होती.

भिंगताईने वही टेबलावर ठेवली. "ही माझी आहे. सहा वर्षं लिहितेय. चूक आहे ते माहीत आहे."

धाकट्या बाईंनी पहिली दोन पानं चाळली आणि हात मागे घेतला, भांडं गरम लागावं तसा. "हे काय आहे?"

"पास केलेले, पण मला न पटलेले."

"न पटलेले असं काही नसतं, भिंगताई. एक तर मर्यादेत असतं नाहीतर नसतं."

"मर्यादेतच आहेत."

"मग?"

"मग काही नाही. त्यातल्या एका बॅचचा स्टेंट माझ्या घरी आहे. माझ्या नवऱ्याच्या छातीत."

धाकट्या बाई उठल्या, दार लावून आल्या, आणि पहिल्यांदाच तिला म्हणाल्या, "बसा."

संगणकावर ट्रे तीन, घर अकराचा फोटो निघाला. सरळ वरून काढलेला. कोपऱ्यात पडदा, निम्म्याला एक रेघ कमी. तिरका फोटो काढायची पद्धतच नव्हती.

"यात काही नाही," धाकट्या बाई म्हणाल्या.

"यात नाही."

मग धाकट्या बाईंनी वही प्लास्टिकच्या पिशवीत घातली, पिशवीवर तारीख लिहिली, आणि म्हणाल्या, "आता हे मी बघितलं, म्हणजे मला कागदावर आणावंच लागेल. तुमच्यावरही येईल."

"येऊ दे."

"राखलेले चार नमुने उघडू. तुमचा अकरा नंबर त्यांत सापडला तर तुमच्या घरचा प्रश्न मिटला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चार उघडले. अंगाइतक्या कोमट पाण्यात एकेक फुगा फुगवायचा, जाळी पसरायची, आणि मग ती भिंगाखाली घ्यायची. भिंगताई एका भिंगाशी, पडताळणीला दुसऱ्या भिंगाशी आणखी एक तपासनीस, मध्ये धाकट्या बाई हाताची घडी घालून. आयुष्यात पहिल्यांदाच भिंगताई खोट सापडावी म्हणून बघत होती. पहिला साफ. दुसरा साफ. तिसऱ्यात एका कोपऱ्याशी काहीतरी हललं आणि तिच्या जिवात जीव आला. पण तो पाण्यातला बुडबुडा होता, सरकून गेला. चौथा साफ. इतका साफ की शिकाऊ मुलींना नमुना म्हणून दाखवावा.

"चारही उत्तम," शेजारचा तपासनीस म्हणाला आणि तिला खूश करायला हसला.

साठातल्या एकाचा आता छप्पन्नातला एक झाला होता.

धाकट्या बाईंनी तिला कॉरिडॉरमध्ये गाठलं. "ज्या इस्पितळांना ही बॅच गेली त्यांना पत्र जाईल. गोळी चालू ठेवा, जमल्यास आतून तपासणी करा, असं. पण वरच्या सह्या होईपर्यंत दहा-बारा दिवस जातील."

"त्यांची गोळी येत्या सोमवारी बंद होतेय."

धाकट्या बाई खिडकीतून बाहेर लावलेल्या सायकलींकडे बघत राहिल्या. "चौकशी चालू असताना बाहेर काही बोलायचं नाही, असा नियम आहे. मी तो तुम्हाला आत्ता सांगितला. तुम्ही घरी जाऊन नवऱ्याशी काय बोलता, ते मी ऐकायला येणार नाही." मग म्हणाल्या, "तुमचं भिंग उद्यापासून बंद. खोकी भरायच्या विभागात जा. निकाल लागेपर्यंत."

खोकी भरायच्या विभागात रेडिओ चालू असायचा आणि बायका मोठ्याने बोलत. भिंगताईला तिथे श्वास कधी घ्यायचा आणि कधी सोडायचा ते कळेना.

घरी सांगणं तरीही गुरुवारपर्यंत लांबलं. मंगळवारी त्याचा जुना मित्र येऊन बसला. बुधवारी तो दमून आला, पडल्या पडल्या घोरू लागला, आणि ती त्याचं घोरणं कृतज्ञतेने ऐकत बसली. गुरुवारी संध्याकाळी त्याचं बोट कापलं. गॅलरीत स्टुलावर बसून तो फडक्याने दाबून होता, आणि ती घड्याळाकडे बघत होती.

"अकरा मिनिटं झाली," तो म्हणाला. "चार दिवसांनी हे बंद. मग दोन मिनिटांत खपली."

"अहो, ती गोळी बंद नका करू."

"पुन्हा तेच?"

तिने सांगितलं. खाली नळावर कुणीतरी बादली भरत होतं, ती भरून वाहू लागली आणि कुणीतरी ओरडलं, तरी ती बोलत राहिली. कोपरा, पडदा, टिंब, वही, चार नमुने, छप्पन्न. तिचं संपलं तेव्हा फडक्यावर लाल डाग सुपारीएवढा झाला होता.

"म्हणजे माझ्या छातीत तुझी सही आहे," तो म्हणाला.

"असेल, नसेल. छप्पन्नातला एक."

"आणि हे तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"आठ दिवस."

तो उठला. आत गेला, पुन्हा बाहेर आला. त्याला चिडलेलं तिने पुष्कळदा बघितलं होतं, पण तेव्हा तो बोलायचा. आता तो बोलत नव्हता.

"आठ दिवस तू माझी पावलं मोजतेस," शेवटी तो म्हणाला. "मला वाटलं म्हातारपणी बायकोला माया सुटली. पाण्याचा पेला काय, हातातली पिशवी घेणं काय! आणि तू मला भिंगाखाली घेऊन बसली होतीस."

"चुकलं माझं."

"तो पडदा राहिला, ते नाही म्हणत मी. ते चुकतंच. माझ्या हातून किल्ल्या चुकत नाहीत? पण मी गिऱ्हाइकाच्या हातात किल्ली देण्याआधी त्याच्यासमोर तीनदा फिरवून बघतो. अडली तर त्याच्यासमोर अडते. तू तुझ्याच घरात, तुझ्याच नवऱ्याला... वहीत लिहून ठेवलंस, बुटात!"

रक्त थांबलं होतं, पण तो फडकं दाबूनच होता.

"दुखतं का फार? ती प्रकाशाची तार?" त्याने विचारलं.

"पहिल्या वेळेइतकंच."

"पहिल्या वेळी मी मरत होतो, मला काय कळणार?" तो म्हणाला, आणि मग रागातच, "फोन कर त्या डॉक्टरांना. म्हणावं, दाराला पुन्हा हात लावा."

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, सोमवारची भेट पुढे ढकलली, आणि बुधवारी सकाळी तपासणी ठेवली. तोवर दोन्ही गोळ्या चालू. सोमवारी सकाळी कुलूपवाल्याने दिनदर्शिकेवरच्या गोलात फुली मारली नाही. गोल तसाच कोरा राहिला. ते सहा दिवस तो घरात कमी बोलला. जिन्यावर मात्र पाय मुद्दाम आपटत यायचा, आणि दाराशी येऊन मोठ्याने सांगायचा, "चोपन्न!"

बुधवारी त्याला आत नेलं. डॉक्टरांनी भिंगताईला काचेमागच्या छोट्या खोलीत बसू दिलं. समोर संगणकाचा पडदा, काळा. पलीकडे हिरव्या चादरीखाली तिचा नवरा, त्यातलं तिला दिसत होतं फक्त एक पाऊल, आणि पायमोज्याला पडलेलं भोक. ते शिवायचं राहिलं होतं.

मग चित्रं आली. धमनीचे गोल काप, एकामागून एक. मध्ये रक्ताच्या वाटेचं काळं, भोवती करडं, आणि करड्यात तारांचे ठिपके, पांढरे, प्रत्येकामागे सावलीची शेपटी. भिंगताईने असं कधी बघितलं नव्हतं. तिच्या भिंगाखाली तार निर्जीव असायची, चकचकीत, रिकाम्या गल्लीसारखी. इथे त्या तारांवरून कुणीतरी पातळ, मऊ पांघरूण ओढलेलं होतं. आपल्या हाताखालून गेलेल्या वस्तूवर शरीराने चढवलेलं अस्तर. तिला एकोणीस वर्षांत कुणी दाखवलं नव्हतं की पुढे हे असं होतं.

तिने श्वास रोखला आणि गल्लीत शिरली.

झाकलेला. झाकलेला. झाकलेला. चित्रं सरकत होती आणि तिच्या मनात हिरवं बटण दाबलं जात होतं. मग ती म्हणाली, "थांबा."

तंत्रज्ञाने वळून बघितलं.

"मागे घ्या. आणखी. इथे."

डाव्या अंगाला एक ठिपका होता ज्याच्यावर काहीच नव्हतं. तार थेट काळ्यात. पुढच्या कापातही, त्याच्या पुढच्यातही. चौथ्यात पुन्हा पांघरूण.

डॉक्टर हातमोजे काढत आत आले, वाकून बघितलं. "तुम्ही या क्षेत्रातल्या आहात?"

"मी स्टेंट बघते. बघायचे."

"छान भरलंय. तीन महिन्यांच्या मानाने फारच छान. अशी एखाद-दुसरी उघडी जागा पुष्कळांत सापडते. धमनीचं वळण आहे तिथे, रक्त जोरात घासून जातं."

"का पडद्याची चिंधी होती तिथे?"

डॉक्टरांनी चित्र मोठं केलं, लहान केलं, उजेड वाढवला. "असेल, नसेल. यावरून सांगता येणार नाही. मला नाही आणि कुणालाच नाही."

"मग गोळी?"

"चालूच. आणखी तीन महिने. आज बघितलं नसतं तर मी बंद केली असती." एवढं बोलून ते पुढच्या रोग्याकडे गेले.

बाहेर आणलं तेव्हा कुलूपवाल्याच्या मनगटावर जाड पट्टी होती आणि चेहरा पाणी उतरल्यासारखा. त्याने तिला बघितलं, आणि सहा दिवसांत प्रथमच त्याच्या डोळ्यांत जुनं काहीतरी हललं.

"काय? पास की नापास?"

"तीन काप उघडे आहेत," ती म्हणाली. "बाकी सगळं झाकलंय. सगळं. मी एकेक बघितलं."

"आणि ते तीन?"

"कळत नाही."

त्याने पट्टीकडे बघितलं. "बरं," तो म्हणाला. "तोंडाने सांगितलंस, हे नवीन आहे."

संध्याकाळी रिक्षातून उतरून दोघं जिना चढू लागले. डॉक्टरांनी सावकाश चढायला सांगितलं होतं, म्हणून तो पुढे आणि ती एक पायरी मागे, हात त्याच्या पाठीपासून वीतभर लांब. अठरा पायऱ्या झाल्या. छत्तीस झाल्या. दुसऱ्या मजल्यावर तो एकाएकी थांबला, भिंतीला हात टेकला आणि पुढे वाकला.

तिचा श्वास थांबला. "अहो?"

तो वाकलेलाच राहिला.

"अहो! काय होतंय?"

"हे बघ," तो म्हणाला. शेजाऱ्यांच्या दारावर नवं कोरं कुलूप होतं, पितळी, झगझगीत. तो त्याच्याकडे डोळे बारीक करून बघत होता. "माझ्याकडून नाही घेतलं. आणि काय भिकार माल आहे, हेअरपिनने उघडेल. सांगायला पाहिजे त्यांना."

"उद्या सांगा."

"उद्या कशाला? आत्ता सांगतो," म्हणत त्याने बऱ्या हाताने कडी वाजवली. दार उघडेपर्यंत भिंगताई त्याच्या मागे उभी राहिली, आणि पट्टीच्या कडेला उमटलेला रक्ताचा ताजा, ओला ठिपका बघत राहिली. अजून वाहतंय, गोठलं नाही, तिने मनात म्हटलं, आणि श्वास सोडला.